नवा कोर्स अभ्यास मंडळातून मंजूर कसा करून घ्यायचा: कोकणातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, त्यावर पावसात उगवणाऱ्या वनस्पती आणि त्याच कातळावर कोरलेली शिल्पं यांवर दोन क्रेडिटचा कोर्स सुरू करावा असं माझ्या मनात आलं. तो वर्गात यायला दोन वर्षं लागली. विषयाला कुणाचाच विरोध नव्हता. ज्याला सांगावं तो "छान आहे, करा" म्हणायचा. तरीही प्रस्ताव एकदा पूर्ण परत आला, कारण मी विषय लिहून नेला होता आणि मंडळाला कोर्स हवा होता. ठरलेल्या तासांत हे शिकवून होईल का, त्यावर परीक्षा घेता येईल का, आणि तुम्ही उद्या रजेवर गेलात तर दुसरं कुणी हा वर्ग चालवेल का, हे तीन प्रश्न मंडळ विचारतं. पुढे जे काही लिहिलं आहे ते या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर कशी आणायची याबद्दल आहे.

१. आधी बघा: कॉलेज स्वायत्त आहे की संलग्नित?

नव्याने रुजू झालेल्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्नित कॉलेजात पदवीचा अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. तिथून तो विद्यापीठाच्या विद्या परिषदेपुढे जातो आणि मग परिपत्रक निघतं. कॉलेजला स्वतःचा पेपर त्यात घालता येत नाही. विद्यापीठात आधीच असलेला अभ्यासक्रम किंवा विषय आपल्या कॉलेजात सुरू करायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १०९ खाली संस्थेने अर्ज करायचा असतो. तो विद्यापीठाच्या बृहत आराखड्याशी (कुठे कोणती कॉलेजं, कोणते अभ्यासक्रम हवेत याच्या आराखड्याशी) जुळावा लागतो आणि शेवटची परवानगी राज्य शासनाची असते. कायद्यात अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर आहे. दिवाळीनंतर जागं होऊन उपयोग नाही.

स्वायत्त कॉलेजात हीच साखळी कॉलेजच्या आत चालते: विभाग, कॉलेजचं अभ्यास मंडळ, कॉलेजची विद्या परिषद, आणि पैशाचा वा धोरणाचा प्रश्न असेल तर नियामक मंडळ. या लेखातला पुढचा भाग मुख्यतः या वाटेचा आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांच्याशी जोडलेल्या कॉलेजांचे नियम वेगळे आहेत, ते तिथेच विचारावेत.

आणखी एक. आपण बोलताना बी.एस्सी.लाही "कोर्स" म्हणतो आणि दोन क्रेडिटच्या पेपरलाही "कोर्स"च म्हणतो. अर्जात असं करू नका. पूर्ण पदवी नव्याने सुरू करायची तर ते प्रकरण विद्यापीठापर्यंत जातं, आणि पदवीचं नाव यूजीसीने अधिसूचित केलेल्या यादीतलंच लागतं. मी इथे सांगते आहे ते चालू पदवीतल्या एका नव्या पेपरबद्दल.

२. कोर्स कोणत्या बास्केटमध्ये बसतो ते ठरवा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे रचना बदलल्यापासून प्रत्येक पेपरला मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, स्किल एन्हान्समेंट, भारतीय ज्ञान प्रणाली असं एखादं घर लागतं. घर चुकलं तर विद्यार्थीच मिळत नाहीत. ओपन इलेक्टिव्ह विद्यार्थ्याने स्वतःच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरून घ्यायचं असतं. म्हणजे माझा कोर्स विज्ञान शाखेने ओपन इलेक्टिव्ह म्हणून दिला, तर तो कला आणि वाणिज्यच्या मुलांना घेता येतो, माझ्याच बी.एस्सी.च्या मुलांना नाही. इतिहास किंवा भूगोल विभागाने दिला असता तर उलट झालं असतं. मी खूप विचार करून पहिला पर्याय घेतला. सड्यालगत राहणारी कितीतरी मुलं आमच्याकडे बी.कॉम.ला आहेत.

व्होकेशनल स्किलचं घर मोहक वाटतं, पण ते मेजरशी निगडित असावं लागतं आणि त्यात हाताने काम करायला लावणारं काहीतरी ठोस लागतं. नुसत्या नावात "कौशल्य" घालून भागत नाही.

३. तासांचा हिशेब

प्रस्ताव परत येण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच. सिद्धान्ताचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिट पूर्ण सिद्धान्ताचे घेतले तर ३० तास. एक सिद्धान्त आणि एक प्रात्यक्षिक घेतलं तर ४५.

माझ्या पहिल्या मसुद्यात चार घटक होते, प्रत्येकी आठ तासांचे, आणि वर सड्यावरच्या तीन भेटी "अतिरिक्त" म्हणून. म्हणजे ३२ तास सिद्धान्त आणि क्रेडिट न मिळणारं क्षेत्रकाम. मुलं दिवसभर उन्हात मोजमापं घेणार आणि त्याचा एकही गुण नाही. दुसऱ्या मसुद्यात मी दोनच घटक ठेवले. पहिला सिद्धान्ताचा, १५ तास: बेसॉल्ट खडकातली सिलिका वर्षानुवर्षं पावसाने धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात आणि जांभा तयार होतो इथपासून, तळहाताएवढ्या मातीत वनस्पती कशा तगतात आणि कातळशिल्पं कुठे, कशी कोरलेली आहेत इथपर्यंत. दुसरा प्रात्यक्षिकाचा, ३० तास: दोन भेटी, मोजणी, रेखाटन, नोंदपत्रक, वाळवलेल्या नमुन्यांची ओळख.

प्रत्येक ओळीपुढे तास लिहा आणि बेरीज स्वतः दोनदा करा. मंडळातले सदस्य आधी बेरीजच बघतात.

४. निष्पत्ती अशी लिहा की तपासता येईल

निष्पत्ती म्हणजे कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते. "विद्यार्थ्यांना कोकणच्या वारशाची जाणीव होईल." हे वाक्य माझ्या मसुद्यात होतं आणि माझं ते खूप आवडतं वाक्य होतं. जाणीव झाली की नाही हे तुम्ही परीक्षेत कसं पाहणार? त्याऐवजी आता लिहिलं आहे: "दिलेल्या कातळशिल्पाची लांबी, रुंदी, दिशा मोजून विहित नोंदपत्रक भरता येईल", "सड्यावरच्या दहा वनस्पती नमुन्यावरून ओळखता येतील". चार-पाच निष्पत्ती पुरेत. प्रत्येक निष्पत्ती कोणत्या घटकातून येते आणि कोणत्या परीक्षेत तपासली जाते, याचा छोटा तक्ता जोडा.

५. मूल्यमापन

मुंबई विद्यापीठाच्या सध्याच्या धर्तीवर दोन क्रेडिटला ५० गुण धरतात: ३० सत्रान्त आणि २० अंतर्गत. स्वायत्त कॉलेजात थोडा फरक असू शकतो, परीक्षा विभागाला विचारून घ्या.

एक खड्डा मात्र सगळीकडे सारखाच आहे. क्षेत्रभेटीला गुण ठेवलेत, मुलगा आजारी पडला, नापास झाला आणि सहा महिन्यांनी एटीकेटीचा फॉर्म भरून आला. आता त्याच्यासाठी भेट पुन्हा कशी काढणार? याचं उत्तर प्रस्तावातच लिहा. आम्ही पर्याय ठेवला आहे की, विभागातले छायाचित्रांचे संच आणि वाळवलेले नमुने वापरून तेच नोंदपत्रक भरायचं.

६. विभागात आणि शेजारच्या विभागात बोला

विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त प्रस्तावाला जोडावं लागतं, म्हणून ही पायरी सगळे करतात. पण खरं काम बैठकीआधीचं असतं. नवा पेपर म्हणजे कार्यभार. तुमच्या पेपरला साठ मुलं आली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी पेपरमधून कमी होणार. तिथे तासिका तत्त्वावर शिकवणारी एखादी मुलगी असेल, तर तिचे तास जाणार. हे आधी जाऊन, समोर बसून बोला. मी बोलले नव्हते. भर बैठकीत एका सहकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्या पेपरचं काय करायचं ठरवलंयत?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा राग रास्त होता. पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून दोन्ही पेपर वेगवेगळ्या सत्रांत ठेवले.

विषय दोन विभागांत पसरलेला असेल तर काळजी दुप्पट घ्या. माझं पूर्ण पहिलं वर्ष यातच गेलं. प्रस्ताव वनस्पतिशास्त्राच्या मंडळापुढे गेला. कातळशिल्पांचा भाग वाचून बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, "यावर मत देण्याचा अधिकार आम्हाला नाही." बरोबरच होतं. दुसऱ्या वर्षी इतिहास विभागाबरोबर संयुक्त प्रस्ताव केला, त्या भागावर त्यांच्या मंडळाचं लेखी मत घेतलं आणि ते जोडलं. त्यातून तिसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं: हा कोर्स शिकवू शकणारी आता दोघं आहेत.

७. कागदपत्रं

बैठकीच्या निदान पंधरा दिवस आधी हा गठ्ठा तयार ठेवा:

- कॉलेजच्या विहित नमुन्यात अभ्यासक्रम (नाव, बास्केट, सत्र, क्रेडिट, तास, घटक, निष्पत्ती, मूल्यमापन)
- अर्ध्या पानात गरज: हा कोर्स का, कुणासाठी
- विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त, सह्यांसह
- दुसऱ्या विभागाचा संबंध असल्यास त्यांचं लेखी मत
- कोण शिकवणार, आणि ते नसतील तर कोण
- नमुना प्रश्नपत्रिका. ही कुणी मागत नाही, पण जोडाच. अर्ध्या शंका तिथेच मिटतात.
- संदर्भपुस्तकांची यादी, ग्रंथालयात किती प्रती आहेत याच्या नोंदीसह
- क्षेत्रभेट असल्यास ठिकाण, परवानग्या, खर्च, सुरक्षेची व्यवस्था

पुस्तकांच्या यादीबद्दल एवढंच सांगते: मोठी यादी म्हणजे चांगली यादी असं नसतं. ग्रंथपालांकडे जाऊन, कपाटात हात घालून खात्री केलेली सहा पुस्तकं बरी.

८. अभ्यास मंडळाची बैठक

स्वायत्त कॉलेजच्या अभ्यास मंडळावर विभागप्रमुख अध्यक्ष असतात. विभागातले शिक्षक असतात, विद्या परिषदेने नेमलेले बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असतात, आणि प्राचार्यांनी सुचवलेल्या सहा नावांतून कुलगुरूंनी निवडलेले एक तज्ज्ञ असतात. शिवाय उद्योग किंवा संबंधित क्षेत्रातली एक व्यक्ती आणि एक माजी विद्यार्थी. नव्या माणसाची नजर विद्यापीठाच्या प्रतिनिधीवर खिळते. माझा अनुभव असा की, सगळ्यात उपयोगी प्रश्न शेवटच्या दोन खुर्च्यांकडून येतात.

तारीख ठरवताना अध्यक्षांना मदत करा. तज्ज्ञ मुंबईहून कोकण रेल्वेने येणार किंवा कोल्हापूरहून आंबा घाटाने. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, घाटात दरड कोसळली की सगळंच थांबतं. गणपतीच्या आगेमागे तिकीट मिळत नाही, आणि शिमग्यात आपलीच माणसं गावात असतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचे पंधरा-वीस दिवस सगळ्यात सोयीचे. विषयपत्रिका निघण्याआधी आपला विषय तिच्यात आला आहे ना, हे बघा. "अध्यक्षांच्या अनुमतीने येणारे विषय" यात शेवटी घुसवलेला प्रस्ताव जेवणाच्या वेळेला पोचतो आणि पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

मांडायला दहा मिनिटं मिळतात असं धरून चाला. इतिहास सांगत बसू नका. माझ्या मनात उक्षी, जांभरूण, काशेळी, बारसू, देवाचे गोठणे असं सगळं सांगायचं होतं, ही कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली हेही. ते मी एका वाक्यात सांगितलं आणि थेट तासांच्या तक्त्यावर गेले. बरं केलं, कारण खरे प्रश्न तिथेच निघाले.

पहिला प्रश्न बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचा. पेन्सिलीने सत्राच्या आकड्याभोवती गोल करून त्यांनी विचारलं, "हा कोर्स तुम्ही जून ते ऑक्टोबरच्या सत्रात ठेवलाय. शिल्पं दिसतील का तेव्हा?" मी तो काळ फुलांसाठी निवडला होता. पहिल्या पावसातली दीपकाडी, मग सप्टेंबरातला सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा. पण त्याच महिन्यांत कोरीव रेषांत माती आणि पाणी साचतं, शेवाळ धरतं, गवत वाढतं. अंगावर उभं राहिलं तरी आकृती कळत नाही. शेवटी कोर्स दुसऱ्या सत्रात गेला. फुलांचे नमुने विभागाने सप्टेंबरातच गोळा करून, वाळवून ठेवायचे आणि सड्यावर जायचं ते जानेवारीत, असं ठरलं. सकाळचं तिरपं ऊन पडलं की बोटभर खोलीची रेषाही उठून दिसते, हे मलाही मागाहूनच समजलं.

दुसरा प्रश्न माजी विद्यार्थ्याचा. ते आंबा बागायतदार आहेत. "सडा कोणाच्या मालकीचा?" त्यांनी एवढंच विचारलं. आपण सड्याला मोकळी जागा समजतो, पण बहुतेक सडा खाजगी आहे, सातबाऱ्यावर चार-पाच भावांची नावं असतात. पन्नास मुलं न विचारता आत नेली तर पुढच्या वर्षी गडग्यावर काटे येतील. आता आमच्या प्रस्तावात मालकाचं संमतिपत्र आणि ग्रामपंचायतीला पत्र, दोन्ही आहेत.

तिसरा प्रश्न तर मला आधीच सुचायला हवा होता: "फुरशाचं काय?" रत्नागिरीच्या सड्यावर दगडाखाली फुरसं असतं, आकाराने लहान आणि दगडाच्या रंगाचं, त्यामुळे पटकन दिसत नाही. मुलांना मोजपट्टी घेऊन वाकायला लावायचं तिथेच. बंद बूट सक्तीचे, दगड हाताने उचलायचा नाही, पालकांचं संमतिपत्र, सोबत एक वाहन, आणि जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) आहे याची भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री. ही पाच वाक्यं बैठकीतच लिहिली गेली आणि आज ती कोर्सचा भाग आहेत.

असे प्रश्न येतात तेव्हा आपल्या कामावर कुणी बोट ठेवतंय असं वाटून अंगावर घेऊ नका. लिहून घ्या, सदस्याचं नाव पुढे लिहा, "दुरुस्ती करते" म्हणा. पटत नसेल तर कारणासह तसं सांगा. एका सदस्यांनी मला परीक्षा पूर्ण लेखी करा म्हटलं होतं. नोंदपत्रकाचे गुण का हवेत हे मी समजावून दिलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

९. ठरावाचे शब्द वाचा

"मान्य करण्यात आला", "सुचविलेल्या दुरुस्त्यांसह मान्य करण्यात आला" आणि "दुरुस्त करून पुढील बैठकीत सादर करावा" या तीन ठरावांत एका वर्षाचं अंतर पडू शकतं. बैठकीत सगळे मान डोलावतात आणि घरी आल्यावर आपल्याला वाटतं, झालं. इतिवृत्ताचा मसुदा हातात आल्यावर ओळ न् ओळ वाचा. दुरुस्त्यांसह मान्य असेल तर आठवड्याच्या आत दुरुस्त प्रत द्या, सोबत अनुपालनाचा तक्ता: सूचना कोणती, काय बदललं, कोणत्या पानावर.

कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू, हेही ठरावात असायलाच हवं. ते नसेल तर परीक्षा विभाग पुढे सरकत नाही.

१०. विद्या परिषद आणि नियामक मंडळ

इथे तुम्ही स्वतः बहुतेक वेळा नसता. विभागप्रमुख मांडतात. प्राचार्य अध्यक्ष असतात, सगळे विभागप्रमुख आणि विद्यापीठाचे प्रतिनिधी असतात. विषयाच्या खोलात कुणी जात नाही. क्रेडिटची एकूण बेरीज, दुसऱ्या पेपरशी पुनरावृत्ती आणि परीक्षेचा आराखडा बघतात. विभागप्रमुखांना एका पानाचा सारांश द्या, म्हणजे त्यांना फाइल चाळावी लागत नाही. क्षेत्रभेटीसाठी वेगळं शुल्क घ्यायचं असेल तर नियामक मंडळाची मान्यता लागते. आम्ही शुल्क ठेवलं नाही, एसटीच्या सवलतीत भागतं.

११. मंजुरीनंतरचे दोन महिने

विद्या परिषद साधारण मार्च-एप्रिलमध्ये झाली, तर जूनच्या प्रवेशाआधी फारच थोडा वेळ उरतो. कोर्सला कोड मिळाला का, तोच कोड वेबसाइटवरच्या अभ्यासक्रमात, प्रवेशाच्या संगणक प्रणालीत आणि परीक्षा विभागाच्या यादीत आहे का, हे तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन बघा. आमच्याकडे एका पेपरच्या कोडमधला एक आकडा प्रणालीत चुकला आणि चाळीस मुलांच्या गुणपत्रिकेवर भलताच विषय छापून आला. दुरुस्त व्हायला पुढचं सत्र उजाडलं, आणि त्यातली दोन मुलं तेव्हा दुसरीकडे प्रवेशासाठी कागद घेऊन फिरत होती.

वेळापत्रक करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की प्रात्यक्षिकाचे तास सलग हवेत. तुटक एकेका तासात सड्यावर जाऊन येता येत नाही. मंजूर प्रत, दोन्ही ठराव आणि अनुपालनाचा तक्ता एका फाइलीत ठेवून तिची एक प्रत विभागाच्या कपाटात ठेवा, घरी नेऊ नका. पहिल्या तुकडीच्या मुलांकडून सत्र संपताना लेखी अभिप्राय घ्या आणि त्याच फाइलीत लावा, पुढच्या बैठकीत बदल सुचवायला तोच आधार लागतो.